टॅबलेटने सांगितलेला इन्सुलिनचा डोस, भरवसा ठेवायचा का?

प्रश्न : माझी मुलगी 6 वर्षांची, टाइप 1 डायबेटिस निघाला म्हणून ॲडमिट आहे. जेवणाआधी सिस्टर टॅबलेटवर आकडे टाकतात की लगेच डोस येतो. एवढ्याशा पोरीचा डोस मशीनवर सोडायचा का? जीव घाबरतो.

उत्तर : ताई, जीव घाबरणारच. पण मला विचाराल तर नाइट ड्युटीत घाईघाईने कागदावर केलेल्या हिशोबाची धास्ती जास्त वाटते. 100 च्या स्ट्रेंथच्या इन्सुलिनमध्ये 1 मिलीत 100 युनिट असतात आणि तुमच्या लेकीला एका वेळेला लागणार जेमतेम दोन-तीन, तिथे दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट! युनिटसाठी काढलेला इंग्रजी यू शून्य समजून 2 चे 20 वाचले गेलेत, असंही घडलेलं आहे.

टॅबलेट काय करतो बघा (आकडे फक्त समजण्यापुरते, प्रत्येक मुलाचे वेगळे असतात). ती 45 ग्रॅम कार्ब (म्हणजे पोळी-भातातले पिष्ट-साखरेचे घटक) खाणार, 20 ग्रॅमला 1 युनिट ठरलंय, झाले 2.25. शुगर 270, टार्गेट 120, 1 युनिटने 100 उतरते, म्हणून आणखी 1.5. आता आधीच्या इंजेक्शनमधलं 0.75 अजून अंगात काम करतंय, ते वजा, राहिले 3. हे वजा करणंच हाताने करताना राहून जातं आणि मग शुगर धाडकन 70 च्या खाली जाते.

पण टॅबलेटला दिसत काहीच नाही, त्याला जे सांगाल तेच खरं. वजन 18 च्या जागी 81 पडलं तर, सलाइनसोबत इन्सुलिन चालू असताना किलोला ताशी 0.1 युनिट धरलं, की 1.8 चे 8.1 होतात. चांगलं सॉफ्टवेअर इथे अडवतं, दुसऱ्या सिस्टरने तपासल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. 18 चे 23 झाले तर मात्र कदाचित नाही अडवणार, म्हणून स्क्रीनवरचं वजन तुम्हीही बघा, बिनधास्त विचारा, कोणी रागावणार नाही आणि रागावलं तरी विचारा.

आणि ताटात किती उरलं, उलटी झाली का, मधे बिस्किट खाल्लं का, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, ते लगेच सांगा. ती जेवायला फारच कटकट करत असेल तर इंजेक्शन जेवणानंतर लगेच देता येईल का ते डॉक्टरांना विचारा, लहान मुलांत कधीकधी तसं करतात.