आठ शब्दांचा सल्ला

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. लीड्सला जाऊन जेमतेम महिना झाला आणि अभ्यासाची पुस्तकं बाजूला ठेवून तू विक्कात, म्हणजे इंग्लंडातल्या त्या नव्या निसर्गपूजक, जादूचे विधी करणाऱ्या पंथात शिरलीस, हे वाचून हसू आलं. मीही इथे ब्रिस्टलला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात हेच केलं होतं. तू लिहितेस, "मावशी, विक्काची सगळी नीती आठ शब्दांत आहे, मग शिकायला उरतं काय?" अगं, त्या आठ शब्दांत मी वीस वर्षं घुटमळते आहे.

ते शब्द असे: ‘ॲन इट हार्म नन, डू व्हॉट यी विल.’ पहिलाच शब्द बहुतेक जण चुकीचा वाचतात. तो ‘अँड’ नाही. जुन्या इंग्रजीत ‘ॲन’ म्हणजे ‘जर’. कुणाला इजा होत नसेल, तर तुझ्या इच्छेप्रमाणे कर, असा त्याचा सरळ अर्थ. आणि या वाक्याला ‘रीड’ म्हणतात. तोही जुनाच शब्द, अर्थ सल्ला. आज्ञा नव्हे, शपथ नव्हे. घरातलं मोठं माणूस देतं तसा सल्ला.

आता जरा बारकाईने बघ. ज्याने इजा होत नाही ते खुशाल कर, एवढंच हे वाक्य सांगतं. इजा होत असेल तर काय, यावर ते गप्प आहे. दिवा हिरवा असेल तर जा, असं सांगणारा लाल दिव्याबद्दल काहीच बोललेला नसतो. म्हणून ‘विक्कात कुणालाही कधीच दुखवायचं नाही’ असं जे सर्रास सांगितलं जातं, ते या वाक्यात नाही. तसं असतं तर जगणंच अशक्य झालं असतं. तू भाजी चिरतेस, डास मारतेस, प्रतिजैविकं घेतेस, एखाद्याला लग्नाला नकार देतेस. यातल्या प्रत्येक वेळी कुणाला तरी काहीतरी लागतंच. हिरवा दिवा नसलेल्या त्या जागी तुला स्वतःच तोलून बघावं लागतं, आणि केलेल्याचा भार आपल्या डोक्यावर घ्यावा लागतो. खरी नीती तिथे सुरू होते.

‘विल’ हा शब्दही वाटतो तितका सोपा नाही. विक्काच्या आधीचा इंग्रज गूढविद्यावादी ॲलिस्टर क्रौली, त्याने १९०४ साली कैरोत लिहिलेल्या ग्रंथात ‘तुझी इच्छा तोच कायदा’ अशा अर्थाचं वाक्य आहे, पण त्याला लहर अभिप्रेत नव्हती. माणसाच्या जगण्याची खरी दिशा अभिप्रेत होती. विक्काचा प्रवर्तक जेरल्ड गार्डनर हा मलायात कस्टम्सची नोकरी करून निवृत्त झालेला इंग्रज. त्याने १९५९ च्या पुस्तकात आपली नीती सांगताना दाखला दिला तो एका फ्रेंच कादंबरीतल्या राजाचा: कुणाला त्रास होत नसेल तर हवं ते करा. आणि हे आठ शब्द आज आपण म्हणतो त्या रूपात लोकांपुढे आले ते गार्डनरच्या मंडळातली एकेकाळची मुख्य पुजारीण डोरीन व्हॅलिएंटी हिच्या ३ ऑक्टोबर १९६४ च्या भाषणात. म्हणजे तुझ्या आजीहूनही हे वचन लहान! हजारो वर्षांचं म्हणून कुणी ते तुझ्यापुढे ठेवलं तर मान डोलवू नकोस. माझ्या मते ते नवं आहे म्हणून कमी मोलाचं ठरत नाही, पण खोटं वय सांगून कुणाची प्रतिष्ठा वाढत नाही.

तुझ्या आजारी मैत्रिणीबद्दल विचारलंस. तिला न सांगता तिच्या बरं होण्यासाठी विधी करावा का? माझं उत्तर: आधी तिला विचार. हेतू चांगला असला तरी दुसऱ्याच्या शरीरात, मनात, निर्णयात तिच्या परवानगीशिवाय शिरणं ही इजाच. कुणाला आपल्या प्रेमात पाडण्याचे विधी बरेच विक्कन टाळतात ते यासाठीच. मेणबत्ती गुलाबी असो की लाल, समोरच्याची इच्छा वाकवायचीच असते त्यात.

हे मी शहाणपणाने नाही, ठेच लागून शिकले. पहिल्या नोकरीत एक सहकारी माझ्या वाटेत येते असं वाटून मी तिने ती जागा सोडावी म्हणून एक विधी केला होता. ती कुठेही गेली नाही. पण त्यानंतर सहा महिने मी तिच्याकडे ‘आता जाईल, मग जाईल’ अशा नजरेने पाहत राहिले, तिच्याशी धड बोलले नाही, आणि एका कामात तिला मुद्दाम माहिती दिली नाही. जादूने काही झालं की नाही, देव जाणे. इजा मात्र झाली होती, आणि ती माझ्याच हातून.

गार्डनर सांगत असे की १९४० साली न्यू फॉरेस्टच्या जंगलात चेटक्यांनी जमून हिटलरने समुद्र ओलांडू नये म्हणून शक्ती उभी केली. खरं-खोटं सोड. पण ही गोष्ट विक्कन अभिमानाने सांगतात, आणि त्यात दुसऱ्याची इच्छा वाकवणं आहेच. मग ते बरोबर की चूक? आमच्या मंडळात यावर एकदा चहाच्या तीन फेऱ्या झाल्या आणि एकमत झालं नाही. तूही यावर घाईने मत बनवू नकोस.

आपण जे करतो ते तिप्पट होऊन आपल्याकडे परततं, हा विक्कातला नियम तू ‘आपलं कर्मच की’ म्हणून निकालात काढलास. मला ते पटत नाही. आपल्याकडचं कर्म जन्मांचा हिशेब ठेवतं. हा नियम बहुधा याच जन्मापुरता सांगितला जातो, आणि तिपटीचा आकडा आपल्याकडे नाहीच. गंमत म्हणजे गार्डनरच्या १९४९ च्या कादंबरीत दीक्षेच्या प्रसंगी जे येतं ते फळाबद्दल नाही, कर्तव्याबद्दल आहे: तुला चांगलं मिळालं, तर तू तिप्पट चांगलं परत कर. शिक्षेची भीती त्यात पुढे मिसळली. मला जुनंच रूप आवडतं. भीतीपोटी चांगलं वागणारा माणूस भीती ओसरली की कसा वागेल, सांगता येत नाही.

एक किस्सा मात्र नीट लक्षात ठेव. १९५७ च्या सुमारास व्हॅलिएंटी आणि इतरांनी गार्डनरच्या प्रसिद्धीच्या हौसेला आवर घालायला काही नियम सुचवले. त्यावर त्याने प्राचीन म्हणून कायद्यांची एक यादीच काढून दिली. त्यात एक कलम असं, की मुख्य पुजारिणीने वय झालं की तरुण बाईसाठी आपण होऊन जागा सोडावी! व्हॅलिएंटी काय समजायचं ते समजली आणि मंडळ सोडून बाहेर पडली. तुलाही कुणी ऐन वेळी प्राचीन कायदा दाखवला तर तो कुणाच्या सोयीचा आहे ते पाहा. गार्डनरच्या परंपरेत दीक्षेसाठी पैसे घेत नाहीत. कुणी मागितले, किंवा तुला नको असताना कपडे उतरवायला सांगितलं, किंवा ‘घरी सांगू नकोस’ म्हटलं, तर चपला घाल आणि नीघ.

राहिला आईचा प्रश्न. तिला सांग, पण ‘मी चेटकीण झाले’ असं मराठीत म्हणू नकोस. इथे १९५१ साली जादूटोण्याचा जुना कायदा गेला आणि तीन वर्षांनी गार्डनर उघडपणे पुस्तक छापू शकला. आपल्याकडे सातपुड्यात बायकांना डाकीण ठरवून मारहाण झाली आहे, जिवानिशी मारलं आहे. जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ साल उजाडलं. जो शब्द तू हौसेने मिरवशील, तो तिथे एखादीवर दगडासारखा येतो. आईला ‘विक्का’च सांग, आणि त्यात काय करतेस तेही. ऋतूंचे आठ सण पाळते, पौर्णिमेला दिवा लावते. ती म्हणेल, "मग यात नवं काय?" म्हणू दे.

३१ ऑक्टोबरला सॅविन आहे, गेलेल्यांची आठवण काढायची रात्र. जमलं तर इकडे ये. येताना भाजणीचं पीठ मिळालं तर आण, इथलं संपलंय. आणि मैत्रिणीला तेवढं विचारून ठेव.

तुझी,
मावशी