प्रेमपट बघताना आधी नजर बघ

आधी फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र वाचून संपवू आणि मग प्रेमाचे सिनेमे बघू, असं ठरवलं असशील तर तो बेत सोड. १९४३च्या त्याच्या जाडजूड ग्रंथातली एकच गोष्ट सध्या पुरे: प्रेम करणाऱ्याला समोरच्या माणसाचं स्वातंत्र्यच हवं असतं. त्यानं आपल्याला आपणहून निवडावं, आणि तरी कायम आपलंच राहावं. या दोन्ही गोष्टी एकत्र जमत नाहीत, आणि सगळी तगमग तिथूनच सुरू होते.

हे डोक्यात ठेवून इटालियन दिग्दर्शक अँतोनिओनीचा १९६२चा 'लेक्लिसे' बघ. एका प्रसंगात नायक-नायिका एकमेकांचं चुंबन घेतात, पण मध्ये काच असते. तिथे थांब, तो प्रसंग पुन्हा लाव. इच्छा किती जवळ येते आणि कुठे अडते, हे ती काच दाखवते. कुठलाही संवाद लागत नाही. शेवटी दोघं आठ वाजता भेटायचं ठरवतात आणि कुणीच येत नाही. पुढची सुमारे सात मिनिटं कॅमेरा त्या नेहमीच्या कोपऱ्यावरच रेंगाळतो: पिंपातून गळणारं पाणी, येणारी बस, पेटणारा दिवा. कंटाळा आला तरी पुढे ढकलू नकोस, मला तर तीच मिनिटं सगळ्यात जास्त भिडतात.

मात्र नुसत्या सार्त्रवर थांबू नकोस. फ्रेंच लेखिका आणि तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हारनं १९४९मध्ये दोन स्वतंत्र माणसांनी एकमेकांचं स्वातंत्र्य मान्य करण्यातून उभं राहणारं प्रेम शक्य मानलं होतं. म्हणून पुढचा प्रेमपट बघताना एवढंच तपास: कॅमेरा कुणाच्या नजरेनं बघतोय, आणि जिच्याकडे बघतोय तिला उलट बघायची मुभा आहे का?