षटकोनाचे ६० मिमी कुठले?

प्रश्न : ऑटोकॅडच्या (संगणकावर आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरच्या) सरावपत्रिकेत फक्त ‘६० मिमीचा षटकोन काढा’ एवढेच आहे. आकृतीत षटकोनाला माप नाही. ६० कुठे धरायचे?

उत्तर : सूचना खरोखरच अपुरी आहे. तिचे तीन अर्थ निघतात. ६० ही एक बाजू असेल तर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत १२० मिमी भरतात. कोपऱ्यातले अंतर ६० असेल तर बाजू ३०. समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर ६० असेल तर बाजू ३४.६४ आणि कोपऱ्यांत ६९.२८. नट-बोल्टचे चित्र असेल तर बिनदिक्कत हा तिसरा अर्थ घ्या, कारण पान्याचे माप तेच असते (एम२४, म्हणजे २४ मिमी व्यासाच्या बोल्टला ३६ मिमी). एरवी आकृतीतल्या इतर मापांशी ताडून बघा. एकूण रुंदी दिली असेल तर दोन अर्थ लगेच बाद होतात.

बाजू ६० असेल तर ‘पॉलिगॉन’ कमांडमध्ये ‘एज’ निवडा. कोपऱ्यांसाठी ‘इन्स्क्राइब्ड’ (षटकोन वर्तुळाच्या आत), सपाट बाजूंसाठी ‘सर्कमस्क्राइब्ड’ (षटकोन वर्तुळाच्या बाहेरून). बहुतेकांची चूक पुढे होते: या दोन्हींत कमांड त्रिज्या विचारते, म्हणून ६० नव्हे, ३० टाका.

दिशेचाही घोळ होतो. नुसते ३० टाकले तर खालची बाजू आडवी येते. वर टोक हवे असेल तर ‘सर्कमस्क्राइब्ड’मध्ये @३०<० (अंतर ३०, कोन ०) द्या, बाजूचा मध्य उजवीकडे जातो. शेवटी ‘डिस्ट’ने अंतर मोजा आणि कोणता अर्थ धरला ते चित्राखाली लिहा. तपासणाऱ्याला तुमचा हिशेब दिसलाच पाहिजे.