एकच सी हेडर जीसीसी आणि एमएसव्हीसी दोन्हींवर चालवायची तर प्रत्येक स्ट्रक्टला #इफडेफ घालावं का?

नका घालू. जीसीसी कंपायलरवर चालणारी तुमची हेडर एमएसव्हीसी या मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर अ‍ॅट्रिब्यूट पॅक्डपाशी (फील्डांमधली रिकामी जागा काढायला सांगणारी जीसीसीची खूण) अडते, म्हणून हा विचार तुमच्या डोक्यात आलाय. याच #इफडेफवरून (कंपायलर पाहून कोड निवडणारी अट) माझं टीम लीडशी कडाक्याचं भांडण झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या बायनरी फाइलच्या सुरुवातीला एक स्ट्रक्ट जायचं. व्हर्जनसाठी एका बाइटचं कॅरेक्टर, लांबीसाठी लाँग, फ्लॅग्जसाठी शॉर्ट. ६४ बिटी लिनक्सवर साइझऑफ, म्हणजे स्ट्रक्टचा एकूण आकार, २४ यायचा: १ बाइट, ७ पॅडिंग (कंपायलरने सोडलेली रिकामी जागा), ८ चा लाँग, २ चा शॉर्ट, शेवटी ६ पॅडिंग. ६४ बिटी विंडोजवर लाँग ४ बाइटचाच, म्हणून तिथे १२. लिनक्सवर लिहिलेली फाइल विंडोजवर उघडली की लांबी शून्य दिसायची आणि खऱ्या लांबीचे खालचे दोन बाइट फ्लॅग्जमध्ये येऊन बसायचे.

लीड म्हणाला, दोष पॅडिंगचा आहे, पॅक करून टाक. मी म्हणालो, दोष लाँगचा आहे, सगळीकडे ३२ बिटांचाच राहणारा यूइंट३२_टी वापरू. 'ती शोभेची नावं आहेत' असं रिव्ह्यूमध्ये सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. मग दोन कंपायलरांसाठी दोन #इफडेफ घालून सगळं पॅक झालं. लिनक्सवर ११ बाइट, विंडोजवर ७. पॅडिंग गेलं, घोळ तसाच राहिला, आणि जुन्या फाइली वाचता येईनात ते वेगळंच. हे टाइप देणारी एसटीडीइंट हेडर सी९९ पासून आहे, व्हिज्युअल स्टुडिओतही २०१० पासून. तिला शोभेची म्हणणं तेव्हाही चूक होतं, आजही आहे.

स्ट्रक्ट जसंच्या तसं फाइलमध्ये ओतूच नका. ठरलेल्या रुंदीचे टाइप घ्या आणि एकेक फील्ड शिफ्ट करून बाइट-बाइट लिहा. मग पॅक्डची गरजच उरत नाही, तुमची अडलेली ओळ सरळ उडवता येते. डीएलएल एक्स्पोर्टसारख्या गोष्टींना कंपायलर ओळखावाच लागतो, पण ती ओळख एकाच हेडरमध्ये ठेवा आणि बाकीकडे फक्त तुमचा मॅक्रो दिसू दे. तिथे क्लँग हा तिसरा कंपायलर आधी तपासा, कारण जीसीसीची खूण असलेला मॅक्रो तोही डिफाइन करतो. मॅक्रोंच्या नावाआधी दोन अंडरस्कोर लावू नका, ती नावं कंपायलरसाठी राखीव आहेत.

हो, लेआउट दुसऱ्या कुणी ठरवून दिला असेल आणि पॅकिंग टळतच नसेल, तर प्राग्मा पॅक पुश-पॉप वापरा, ते तिन्ही कंपायलर घेतात. आणि ज्या डीएसपीवर (सिग्नल प्रोसेसिंगची चिप) बाइटच १६ बिटांचा असतो तिथे यूइंट८_टी मिळत नाही, तिथे यूइंट_लीस्ट८_टी घ्यावा लागेल.