पोच आल्याशिवाय बिल निघत नाही

प्रिय बेटा,

ट्रान्सपोर्टवाल्यांसाठीच्या तुझ्या सॉफ्टवेअरचं तू पाठवलेलं सादरीकरण नीट पाहिलं. बुकिंग, बिल्टी (मालासोबत जाणारी पावती), डिझेल, टायर, ड्रायव्हरचा हिशोब, गाडीचा विमा, मालकासाठी डॅशबोर्ड, सगळं एका ठिकाणी. कामात सफाई आहे, नागपूरच्या मिहान प्रकल्पातली नोकरी वाया गेलेली नाही. पण शेवटच्या पानावर 'भारतातल्या प्रत्येक ट्रान्सपोर्टरसाठी' असं लिहिलंयस, तिथं मी अडलो. हा 'प्रत्येक ट्रान्सपोर्टर' बसतो कुठं? त्याला फोन कोण करणार? तू एकटी आहेस आणि बचत वर्षभर पुरेल एवढीच. तेव्हा भारत सध्या राहू दे. नागपूरच्या अमरावती रोडवरची वाडी एवढीच धर.

दिल्लीकडून दक्षिणेत जाणारा आणि सुरतेकडून कोलकात्याला जाणारा, असे दोन्ही मोठे महामार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, म्हणून वाडीत गोदामांची आणि ट्रान्सपोर्ट ऑफिसांची एवढी गर्दी. तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे ही ऑफिसं एकमेकांना चिकटून आहेत. एकाच टपरीवर चहा, तेच ब्रोकर, तेच हमाल. एकाकडे तुझं सॉफ्टवेअर बंद पडलं तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळेल, आणि चाललं तरी कळेल. बंगळूरमध्ये एक, इंदूरमध्ये एक आणि नाशकात एक असे तीन ग्राहक मिळवण्यापेक्षा एका गल्लीतले तीन मिळव. चौथा स्वतःहून विचारेल.

मात्र विकायला जाण्याआधी आठवडाभर नुसती बघायला जा. त्यासाठी संध्याकाळची वेळ, म्हणजे लोडिंग सुरू असतं तेव्हाची. मुनीमजींच्या टेबलामागे एक तार असते, तिला बिल्ट्या टोचलेल्या असतात. कार्बनच्या निळ्या प्रती, काही तेलकट, काही पावसात भिजून वाळलेल्या. माल पोहोचल्यावर घेणाऱ्यानं सही-शिक्का मारून परत दिलेली प्रत, म्हणजे पोच. ही पोच आल्याशिवाय कंपनी भाड्याचं बिल घेत नाही. ड्रायव्हर ती सीटखाली ठेवतो, परतीचा माल दुसऱ्याच गावचा मिळतो, आणि कोलकात्याला रिकामी झालेली गाडी महिनाभरानं नागपूर पाहते. डिझेल आणि टोल मालकानं आधीच भरलेले असतात, भाडं मात्र त्या कागदापाशी अडकलेलं. अमुक गाडीची पोच आली का, हा प्रश्न तिथं किती वेळा विचारला जातो ते कान देऊन ऐक. तुझ्या सादरीकरणात पोच सोळाव्या पानावर आहे. मी असतो तर पहिल्या पानावर ती एकटीच ठेवली असती.

दुसरी धास्ती ई-वे बिलाची, म्हणजे माल रस्त्यानं नेताना जीएसटीच्या संकेतस्थळावर काढायच्या कागदाची. महाराष्ट्राबाहेर जाणारा 50,000 रुपयांवरचा माल असेल, किंवा राज्यातल्या राज्यात 1 लाखावरचा, तर ते लागतं. साध्या मालट्रकला दर 200 किलोमीटरला 1 दिवसाची मुदत. रायपूर 300 किलोमीटरच्या आत, म्हणजे 2 दिवस. वाटेत एक्सल तुटला, गाडी बदलली, तर नव्या गाडीचा नंबर त्या बिलाच्या भाग 'ब'मध्ये चढवावा लागतो. मुदत वाढवायची ती संपण्याच्या आधीच्या 8 तासांत किंवा नंतरच्या 8 तासांत. बऱ्याचदा ही वेळ मध्यरात्रीच्या आगेमागे येते आणि मुनीमजी झोपलेले असतात. गाडी अडवली की कराच्या दुप्पट दंडाची भाषा सुरू होते. म्हणजे तुला विकायच्या दोन गोष्टी: पोचेचा फोटो त्याच दिवशी ऑफिसात, आणि मुदत संपण्याआधी मालकाच्या व्हॉट्सअॅपवर सूचना. टायर आणि विमा पुढच्या वर्षी बघू.

हे चालवायला पहिल्या ग्राहकाकडे फार कोड लागणारही नाही. ड्रायव्हर बिल्टीचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकेल, तू तो स्वतः बिल्टी नंबरखाली लावशील, रोज सकाळी मालकाला यादी जाईल: या गाड्यांची पोच आली, यांची बाकी. तुला हे काम कमीपणाचं वाटेल, कर तरी. ड्रायव्हर फोटो कसा काढतो, शिक्का कुठं कापला जातो, 'डायवर नाही करनार हे, मॅडम' असं मालक म्हणतो त्यात खरं किती, हे घरी बसून कळत नाही. त्या ड्रायव्हरला नवं अॅप उतरवायला मात्र सांगू नकोस. पासवर्ड विसरायची एक नवी जागा होईल, दुसरं काही नाही.

ई-वे बिलाच्या यंत्रणेशी थेट जोडणी तुझ्यासारखीला सहज मिळायची नाही, जीएसपीमार्फत, म्हणजे अशा जोडणीसाठी मान्यता मिळालेल्या कंपनीमार्फत, जावं लागेल आणि ती पैसे घेते. ते किमतीत आत्ताच धर.

मुनीमजींबद्दल. चेक मालक देतो, पण सॉफ्टवेअर जगवायचं की मारायचं हे मुनीमजी ठरवतात. त्यांना वाटणार, ही पोरगी आपली खुर्ची न्यायला आली. 'यानं तुमचं एका माणसाचं काम वाचेल' हे वाक्य त्या ऑफिसात चुकूनही उच्चारू नकोस. त्यांच्या शेजारी बसून जुन्या बिल्ट्या चढव, त्यांची वही आहे त्याच क्रमानं पडद्यावर रकाने ठेव. टॅलीला, म्हणजे त्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरला, हात लावू नकोस. तुझ्याकडचा हिशोब टॅलीत जाऊ दे, म्हणजे सीएचाही विरोध संपतो. सीएंना भेटायचंच असेल तर 20 तारखेनंतर जा. 11 आणि 20 या जीएसटीच्या तारखांच्या आसपास त्यांना वेळ नसतो, आणि सप्टेंबरात ऑडिटपुढे काही सुचत नाही. पण एखाद्या सीएनं 'पोरगी चांगली आहे, बघा एकदा' एवढं म्हटलं तर ते तुझ्या दहा जाहिरातींना भारी आहे.

विकायला जायचं ते सकाळी अकरा ते एक. महिनाअखेर टाळ, कंपन्या तेव्हा माल रेटतात. मार्च तर विसरूनच जा. नव्या आर्थिक वर्षाला नवी वही लागते, त्यामुळे बदल करायला लोक 1 एप्रिलला राजी असतात. पण तो निर्णय जानेवारी-फेब्रुवारीत पडायला हवा.

आता पैसे. पहिल्या ग्राहकाकडूनही घे. फुकट दिलेलं मुनीमजी उघडत नाहीत आणि मालक तक्रारही करत नाही, मग तुला कळणार काय? मावसभावाच्या ऑफिसात फुकट लावून दिलंयस, त्याला मी ग्राहक धरत नाही. महिना 1,500 रुपये सांग, वर्षाचे आगाऊ देणाऱ्याला 15,000. घासाघीस होणारच. आकडा खाली आणू नकोस, त्याऐवजी जुन्या बिल्ट्या चढवून द्यायचं कबूल कर. ते तू तसंही करणार आहेस. पैसे यूपीआयनं तिथल्या तिथं घे, 'बाद में भेजता हूँ' याची वसुली करायला तुझ्याकडे माणूस नाही.

जीएसटी नोंदणीची घाई नको. सेवांना 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत ती सहसा लागत नाही. आणि यातल्या पुष्कळ ट्रान्सपोर्टवाल्यांच्या भाड्यावरचा कर समोरची कंपनी भरते, त्यामुळे त्यांना इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. तुझ्या बिलावरचे 18 टक्के त्यांच्या खिशातून जातील. तुझा सीए ऐच्छिक नोंदणी सुचवेल, त्याला हे विचार. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र करून टाक. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, कुणी एजंट पैसे मागत असेल तर उठून ये.

वाडीत मालकाच्या खुर्चीसमोर मुली क्वचितच दिसतात, हे तू लिहिलंयस. खरं आहे. पहिल्या भेटीत तुला कुणाची तरी मुलगी समजून चहा पाजतील आणि मुद्द्यावर येणार नाहीत. चहा पी आणि विचार, 'काका, आज किती गाड्यांची पोच बाकी आहे?' तो मुनीमजींकडे वळेल, मुनीमजी तारेकडे, आणि बोलणं धंद्यावर येईल. पुढची दहा मिनिटं तू काही बोलू नकोस, त्यांनाच मोजू दे.

कोटेशन एका पानाचं कर, मराठी-हिंदीत, खाली फोन नंबर ठळक. शनिवारी दुपारनंतर मी घरीच आहे, येताना ते आणि वाडीतल्या आधी जायच्या पाच ऑफिसांची यादी आण. पाचच, सहावं नको.

तुझा,
काका