वाचकांचे प्रश्न : टायर किती टिकला आणि तोवर कसा वळला

प्रश्न : माझ्याकडे कावासाकी निन्जा १००० एसएक्स ही मोटरसायकल आहे. मागचा टायर संपत आला असून मिशलिन रोड ६, पिरेली एंजल जीटी २ आणि कॉन्टिनेंटल रोडअटॅक ४ यांपैकी एक जोडी घ्यायचा विचार आहे. माझ्या एका मित्राने यातली एक जोडी बसवली आणि गाडी आता लोण्यासारखी वळते असे तो सांगतो. दुसऱ्याच्या मते त्याची जोडी पहिल्याच्या दीडपट टिकते. मला वळणावरची चपळाईही हवी आहे आणि टिकाऊपणाही. तुलना नेमकी कशी करावी?

उत्तर : आपले दोन्ही मित्र खरेच बोलत असतील, तरी त्यांच्या साक्षीवर टायर घेऊ नये. पहिल्या मित्राने नवी जोडी बसवली त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तो मधोमध चपट्या झालेल्या, गोटा व्हायला आलेल्या टायरवर फिरत होता. त्यानंतर कोणत्याही कंपनीचा नवा गोल टायर बसवला असता, तरी गाडी लोण्यासारखीच वळली असती. जुन्या टायरची नव्याशी तुलना करायची आणि श्रेय नावाला द्यायचे, ही चूक आपण सगळेच करतो; मीही अनेकदा केली आहे. दुसऱ्या मित्राची अडचण वेगळी आहे. टायरचे आयुष्य रबराइतकेच रस्त्यावर, वजनावर, हवेच्या दाबावर आणि उजव्या मनगटावर अवलंबून असते. दोन माणसांचे किलोमीटरचे आकडे शेजारी मांडले, तर त्यातून टायरपेक्षा त्या दोघांच्या चालवण्याबद्दलच अधिक कळते.

आता टायरच्या रचनेकडे वळू. स्पोर्ट टूरिंग, म्हणजे लांब पल्ला आणि वळणे या दोन्हींसाठीच्या, प्रकारातल्या बहुतेक मागच्या टायरांना मध्यभागी कडक आणि दोन्ही बाजूंना मऊ रबर असते. गाडी सरळ चालते तेव्हा भार कडक पट्ट्यावर येतो आणि झुकते तेव्हा मऊ पट्ट्यावर. मिशलिनने रोड ६ च्या मागच्या टायरमध्ये हे कडक रबर बाजूच्या मऊ रबराच्या खालूनही नेले आहे, म्हणजे वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडला तरी मऊ थराला खालून आधार राहतो. कॉन्टिनेंटलची पद्धत निराळी आहे. तिथे रबराचे मिश्रण एकच असते, पण ते भाजताना तापमान जागोजागी बदलून मध्यापासून कडेपर्यंत कडकपणा हळूहळू कमी करत नेलेला असतो. अशा टायरवर गाडी झुकवताना दोन रबरांची सीमा ओलांडल्याची जाणीव होण्याचा प्रश्नच उरत नाही. पिरेलीने एंजल जीटी २ च्या मध्यभागी दोन लांब, सलग खाचा ठेवल्या आहेत; ही कल्पना ओल्या-कोरड्या ट्रॅकसाठीच्या रेसिंग टायरांवरून आली. पावसात पाणी बाहेर काढणे हे त्यांचे काम. मिशलिनने याच कामासाठी खाचा तळाशी रुंद होत जातील असा साचा बनवला आहे, त्यामुळे वरचे रबर झिजले तरी पाणी वाहून जायला जागा राहते. जाता जाता एक गंमत सांगतो. याच पिरेलीच्या जुन्या एंजल एसटी टायरवर नवा असताना देवदूताचा चेहरा दिसे आणि टायर थोडा झिजला की त्या जागी सैतान उमटे. टायरवाल्यांमध्ये इतकी विनोदबुद्धी क्वचितच आढळते.

या रचनेतून आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी येता येते. मधल्या कडक पट्ट्याचा लाभ मिळतो तो लांब सरळ रस्त्यावर तासन्‌तास चालणाऱ्याला. ज्याचे निम्मे अंतर घाटात जाते, तो मऊ बाजू झिजवत असतो, आणि जाहिरातीतला टिकाऊपणा त्याच्या वाट्याला फारसा येत नाही. उलट, फक्त सरळ जाणारा माणूस बाजूंचे महाग मऊ रबर जवळजवळ न वापरता मधे चपटा झालेला टायर फेकून देतो. म्हणून दुकानात जाण्याआधी जुना टायर नीट पाहा. मध्य संपला आहे आणि बाजू कोऱ्या आहेत, की सगळीकडे सारखी झीज आहे? आपल्याला कोणता टायर हवा याचे अर्धे उत्तर तिथेच लिहिलेले असते.

माझा कल विचाराल तर असा आहे. पाऊस आणि लांब पल्ला हे मुख्य असेल तर रोड ६ घ्यावा. त्याचे वळणे थोडे सावकाश असते, पण ते पहिल्या दिवशी जसे असते तसेच बराच काळ राहते. वळणांसाठीच बाहेर पडणाऱ्याला रोडअटॅक ४ अधिक आवडेल, कारण गाडी झुकवायला तो हलका आहे आणि पुढच्या चाकाखाली काय चालले आहे हे हातांना स्पष्ट कळवतो. एंजल जीटी २ मला या दोघांच्या मधला वाटतो. तिघांतला कोणताही घेतला तरी पस्तावण्याची वेळ येणार नाही.

शेवटचा निकष मात्र दुकानात तपासता येत नाही. टायर अर्धा झिजल्यावर कसा वळतो, हा तो निकष. नवे टायर सगळेच गोड वागतात. काही टायर आयुष्याच्या तीन चतुर्थांश भागापर्यंत आपला आकार आणि स्वभाव राखतात. काही अर्ध्यातच जड होतात आणि मग उरलेली नक्षी संपेपर्यंत आपण केवळ पैसे वसूल करण्यासाठी त्यांच्यावर फिरत राहतो. तेव्हा मित्राला तो किती किलोमीटर चालला हे विचारण्यापेक्षा, कितव्या किलोमीटरला गाडी वळवायला जोर लावावा लागू लागला हे विचारा. बहुतेकांनी ते पाहिलेलेच नसते.

प्रश्न : मागच्या टायरची नक्षी अजून पुरेशी खोल आहे, तरीही गाडी झुकवताना आधी अडते आणि मग एकदम पडल्यासारखी आत जाते. मेकॅनिकने स्टिअरिंगचे बेअरिंग तपासले, ते ठीक आहे. दोष कशाचा?

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे मधोमध चपट्या झालेल्या मागच्या टायरची आहेत. मोटरसायकलचा टायर आडव्या छेदात गोलाकार असतो म्हणूनच गाडी एका कोनातून दुसऱ्या कोनात अखंड सरकते. मधला भाग सपाट झाला की त्या सपाटीच्या दोन्ही टोकांना कडा तयार होतात. झुकवताना चाकाला आधी त्या कडेवर चढावे लागते, तेच आपल्याला अडल्यासारखे वाटते. कड ओलांडली की पलीकडचा उतार तीव्र असतो, म्हणून गाडी पडते. नक्षीची खोली आणि टायरचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खोली मोजणारे उपकरण आकाराबद्दल काहीच सांगत नाही.

आकार तपासायचा सोपा उपाय घरच्या घरी करता येतो. नवा टायर बसवल्यावर एक जाड पुठ्ठा घेऊन त्यावर टायरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची गोलाई पेन्सिलीने काढावी, ती कापावी आणि पुठ्ठा गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. दोन-तीन हजार किलोमीटरनंतर तोच पुठ्ठा टायरवर धरून मागे टॉर्च लावला, की मधे किती फट पडली आहे ते उजेडाच्या रेघेवरून दिसते. आपल्याकडे असा पुठ्ठा नसणार, म्हणून साधी स्टीलची पट्टी टायरवर आडवी ठेवून पाहा. गोल टायरवर पट्टी एका बिंदूवर टेकून डुलते. आपल्या टायरवर ती बहुधा चार-पाच बोटे रुंदीवर निवांत बसेल.

पुढचा टायरही पाहून घ्यावा. पुढचा टायर मधे कमी आणि खांद्यांवर जास्त झिजतो, कारण ब्रेक लावत वळणात शिरताना त्याच्या बाजूंवर भार येतो. त्यामुळे त्याचा छेद त्रिकोणाकडे झुकतो. नक्षीवरून तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखे खरखरीत लागले, तर ती ब्रेकिंगने झालेली झीज आहे, आणि झुकल्यावर पुढून जो घुंऽऽ आवाज येतो तो बेअरिंगचा नसून बहुधा तिचाच असतो.

प्रश्न : माझ्या गाडीला मूळ माप १९०/५० झेडआर १७ आहे. १९०/५५ बसवल्यावर गाडी झटपट वळते असे अनेकजण सांगतात. बसवावा का?

उत्तर : आधी गणित पाहू. मापातला दुसरा आकडा म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. १९० चे ५० टक्के ९५ मिलिमीटर आणि ५५ टक्के १०४.५ मिलिमीटर होतात, म्हणजे गाडीचा मागचा भाग साधारण साडेनऊ मिलिमीटर वर उचलला जातो. मागची बाजू उंच झाली की पुढच्या फोर्कचा कोन किंचित उभा होतो, आणि उंच टायरची गोलाईही अधिक टोकदार असते. या दोन्हींमुळे गाडी चपळ वाटते. ही चपळाई खरी आहे.

परंतु चाकाचा परीघ त्याचबरोबर सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो. गिअरिंग तितके लांब होते, म्हणजे इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी थोडी जास्त पुढे जाते; हे चालून जाईल. मात्र ट्रॅक्शन कंट्रोल (मागचे चाक घसरू न देणारी) आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी) ही यंत्रणा पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाची सतत तुलना करत असते आणि तिचा हिशेब मूळ मापावर बेतलेला असतो. शिवाय स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा), चेन आणि मडगार्ड यांच्यापासून पुरेसे अंतर उरते का, हेही तपासावे लागते. माझ्या मते कंपनीने दिलेले माप ठेवून आधी मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, आपल्या वजनाप्रमाणे जुळवावा. मागून दबून बसलेली गाडी जड वळते आणि बोलणी टायरला बसतात.

प्रश्न : वळणावर अधिक ग्रिप मिळावी म्हणून टायरमधील हवा चार-पाच पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमी ठेवावी, असा सल्ला मिळाला आहे. योग्य आहे का?

उत्तर : नाही. हा सल्ला ट्रॅकवरून आला आहे आणि त्याने तिथेच राहावे. ट्रॅकवर टायर इतका तापतो की आतल्या हवेचा दाब बराच वाढतो, म्हणून थंड असताना तो कमी ठेवतात. रस्त्यावर तेवढी उष्णता येत नाही; कमी हवेचा टायर नुसताच लुळा राहतो, जास्त वाकतो, हँडल जड करतो आणि लवकर झिजतो. बहुतेक मोठ्या स्पोर्ट टूरिंग गाड्यांसाठी पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय किंवा त्याच्या जवळपासचा आकडा दिलेला असतो. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जो असेल तो प्रमाण मानावा. हवा गाडी उभी असताना, थंड टायरमध्ये मोजावी. तापमान १० अंशांनी बदलले की दाब सुमारे दीड पीएसआयने बदलतो, म्हणून ऋतू पालटला की पुन्हा मोजावी. दोन टायरांची तुलना करणाऱ्याने तर याबाबत जास्तच काटेकोर राहावे, कारण चार पीएसआयचा फरक दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा हातांना अधिक जाणवतो.

प्रश्न : मागचा टायर संपला आहे, पुढच्याचे अजून निम्मे आयुष्य बाकी आहे. मागे दुसऱ्या कंपनीचा टायर चालेल का?

उत्तर : चालवता येईल, पण मी टाळीन. कंपन्या पुढचा आणि मागचा टायर जोडीने घडवतात आणि जोडीनेच तपासतात. एकाची गोलाई टोकदार आणि दुसऱ्याची बसकी असली, तर गाडीची दोन टोके वेगवेगळ्या वेगाने झुकू पाहतात. एका चाकाला रेडियल (आतले धागे आडवे असलेला) आणि दुसऱ्याला बायस (आतले धागे तिरके असलेला) टायर हे मिश्रण तर, गाडी बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच तसे दिलेले नसेल तर, करूच नये. त्याच नावाचा मागचा टायर बसवणे हा सरळ मार्ग आहे. नव्या मागच्यासोबत अर्धा झिजलेला पुढचा काही काळ मंद वाटेल, इतकेच. नाव तपासताना त्यामागची अक्षरेही वाचावीत. रोड ६ जीटी किंवा ब्रिजस्टोन टी३२ जीटी हे वजनदार टूरिंग गाड्यांसाठी अधिक ताठ बांधणीचे वेगळे टायर आहेत, आणि हलक्या गाडीवर ते विनाकारण कडक लागतात.

प्रश्न : नवी जोडी बसवल्यावर किती किलोमीटर जपून चालवावे?

उत्तर : साधारण १०० ते १५० किलोमीटर. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि त्यावर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या द्रव्याचा अंश राहू शकतो. कॉन्टिनेंटल साचाच सूक्ष्म खरखरीत बनवते, त्यामुळे त्या टायरांना हे द्रव्य लागत नाही. तरीही नव्या आकाराची सवय हातांना व्हायला वेळ लागतोच. पहिल्या दिवशी झुकण्याचा कोन हळूहळू वाढवत न्यावा, म्हणजे बाजूंचे रबरही घासले जाईल. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, चार आकडे असतात, तेही बसवण्यापूर्वी वाचावेत; २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. आणि वर सांगितलेला पुठ्ठा त्याच संध्याकाळी कापून ठेवावा, कारण हजार किलोमीटरनंतर मूळ गोलाई काढायला नवा टायर हाताशी नसतो.