'मावळ' हा शब्द 'मावळणे'वरून आलाय का?

प्रश्न होता की पुण्याच्या मावळतीकडचा मुलूख म्हणून 'मावळ', ही व्युत्पत्ती बरोबर आहे का. ऐकायला झक्कास आहे पण मला नाही पटत, कारण हे नाव पुण्याला महत्त्व आलं त्याच्या कितीतरी आधीचं आहे.

बोरघाट चढून वर आलं की जो टापू लागतो तिथेच कार्ल्याची लेणी आहेत, आणि तिथल्या एका सातवाहनकालीन शिलालेखात वलूरक म्हणजे कार्ल्याच्याच लेण्यांत राहणाऱ्या महासांघिक या बौद्ध पंथाच्या भिक्खूंना करजक नावाचं गाव दिल्याचा हुकूम आहे. गावाचा पत्ता काय दिलाय, तर 'मामालाहारे उतरे मगे', म्हणजे मामाल आहारात, उत्तरेच्या वाटेवर. (आहार म्हणजे तेव्हाचा जिल्हा, जेवणाशी काही संबंध नाही 😀)

आता मामालचं मावळ कसं झालं? मधला म मराठीत येताना व होतो, ग्रामचं गाव, नामचं नाव, आणि दोन स्वरांमधल्या ल चा ळ होतो. दोन्ही एकाच शब्दात बघायचं तर आमलकचा आवळा! अगदी तसंच मामालचं मावळ. मावळतीशी मेळ नंतर कानाला जुळला म्हणून लोकांनी लावला असणार, शिवाय नुसती पश्चिमच सांगायची असती तर घाटाखालचं कोकण त्याहून पश्चिमेला आहे की, त्याला कुणी मावळ म्हणत नाही.

मला जास्त मजा वाटते ती पुढची. आधी हे एका टापूचं नाव, पण शिवकाळापर्यंत 'मावळ' म्हणजे सह्याद्रीच्या पूर्व अंगाचं कुठलंही खोरं असा अर्थ रुळलेला दिसतो, म्हणून तर 'बारा मावळ'. त्यात नाणे मावळ, पवन मावळ, गुंजण मावळ, बांदल देशमुखांचं हिरडस मावळ, आणि त्याच यादीत कानद खोरं, मोसे खोरं पण, म्हणजे मावळ काय नि खोरं काय, एकाच माळेतले. पवन मावळ तर सरळ पवना नदीवरून.

मावळा म्हणजे मुळात मावळातला माणूस, सैनिक हा अर्थ नंतरचा. आता कुठल्याही जिल्ह्यातला पोरगा स्वतःला मावळा म्हणवतो, त्याला चूक म्हणण्यात काही अर्थ नाही, शब्द तेवढा पसरलाय. पण वडगाव, कामशेतकडचा माणूस 'आम्ही मावळातले' म्हणतो तेव्हा तो जुन्याच अर्थाने बोलत असतो.